लिलावातली गाडी आणि डॅशबोर्डवरचा गणपती

चिंचवडहून एका वाचकांचं पत्र आलं आहे. वय 41, एका कारखान्याच्या टूलरूममध्ये नोकरी, घरी बायको आणि नववीतली मुलगी. पत्र चार पानी आहे. त्यातला गाभा त्यांच्याच शब्दांत देतो:

"लहानपणापासून गाड्यांचं वेड. दिवाळीच्या आधी एका फायनान्स कंपनीच्या लिलावात 2012 ची पेट्रोल वॅगन-आर 92 हजारांना घेतली. टो करून आणायला 4,000, बॅटरी 4,200, पुढचे दोन टायर 7,000, क्लच 6,500 आणि डेंटिंग-पेंटिंग 9,000. नऊ रविवार खपलो. तळेगावच्या ओळखीतल्या एकाला 1 लाख 35 हजारांना दिली. 43 हजार सुटले! आता एकदम तीन गाड्या घ्यायचं मनात आहे. मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली 4 लाखांची एफडी मोडली की जमतंय. बायकोचा ठाम विरोध आहे, ती म्हणते घरापुढे भंगाराचं दुकान नको. कागदांचं म्हणाल तर यार्डातून जो संच मिळाला तो मी जसाच्या तसा तळेगावकरांना दिला. मधे माझं नाव लावलं नाही. नाव लावलं की गाडी थर्ड ओनर होते आणि भाव पडतो, असं सगळे सांगतात. एक गोष्ट मात्र मनात राहिलीय. डॅशबोर्डवर आधीच्या मालकाने चिकटवलेला छोटा गणपती होता. तो काढून मी घरी ठेवलाय, टाकवत नाही. तर हे पुढे वाढवू का, आणि वाढवायचं तर कसं?"

नमस्कार.

गिअरबॉक्स खाली घेताना जॅक सटकला तर म्हणून तुम्ही गाडीखाली दोन जुने टायर रचून ठेवलेत, आणि क्लच प्लेट बसवल्यावर पहिल्यांदा रिव्हर्स पडला तेव्हा मुलगी टाळ्या वाजवत खाली धावत आली, हे तुम्ही लिहिलंय. तो परिच्छेद मी दोनदा वाचला. मी 26 वर्षं मोटार सर्व्हेअर म्हणून विम्याची कामं केली. चेपलेल्या, बुडालेल्या, जळालेल्या गाड्या बघण्यातच माझी उमर गेली. मेलेली गाडी आपल्या हाताने चालू होते तेव्हाचा आनंद मला ठाऊक आहे. तेव्हा हा नाद सोडा असं मी सांगणार नाही.

पण तुम्ही जे विचारलंत त्याच्या आधी, न विचारलेल्या एका गोष्टीबद्दल बोलायला हवं. आज, हे पत्र वाचताना, ती वॅगन-आर कोणाच्या नावावर आहे?

तुमच्या नावावर नाही. तळेगावकरांच्या नावावर झाली असेल तर चांगलंच, पण तशी एक ओळही तुमच्या पत्रात नाही. म्हणजे बहुतेक ती अजून त्या गणपती लावणाऱ्या माणसाच्याच नावावर आहे. हप्ते थकले, गाडी गेली, आणि त्याच्या नावाची पाटी घेऊन ती गाडी आज मुंबई-पुणे रस्त्यावर फिरते आहे. चलन फाटलं तर मेसेज त्याला जाणार. कोणाला धडक बसली तर पोलीस आधी त्याच्या दारात जाणार. मधे तुम्ही नऊ रविवार गाडी बाळगलीत, चाचणी म्हणून मामांकडे नेऊन आणलीत, आणि त्या काळात तिचा विमा चालू होता की नाही याबद्दलही तुम्ही काही लिहिलेलं नाही. ओढून आणलेल्या गाडीचा विमा बहुतेक वेळा संपलेलाच असतो. ज्याला हप्ता भरता आला नाही त्याने विमा कुठून भरला असेल?

हे मी घाबरवायला लिहीत नाही. आमच्या घरात हे घडलंय. माझ्या थोरल्या भावाने त्याची जुनी गाडी कराडात एका ओळखीच्याला विकली. फॉर्मवर सह्या केल्या, पैसे घेतले, पेढे वाटले. त्या माणसाने तीच सही केलेली कागदं पुढच्याला दिली, पुढच्याने आणखी पुढे. तीन वर्षांनी मोटार अपघात दाव्याची नोटीस भावाच्या नावाने आली. गाडी हायवेला एका मोटारसायकलवाल्याला लागली होती आणि तिचा विमा संपलेला होता. भावाने कोर्टात सांगितलं की गाडी मी कधीच विकली. पण आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी पुस्तकात, नाव त्याचंच. किती तारखा झाल्या, किती रजा गेल्या, वहिनीच्या डोळ्याला किती रात्री डोळा लागला नाही, ते मी जवळून पाहिलं. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका हातोहात फिरलेल्या गाडीच्या प्रकरणात स्पष्ट सांगितलं की नोंदणी पुस्तकात ज्याचं नाव, तोच कायद्याने मालक. भरपाईसाठी जखमी माणसाने गाडी कोणाकोणाच्या हातातून गेली ते शोधत फिरायचं नाही. अपघातात सापडलेल्या माणसाच्या बाजूने बघितलं तर हे बरोबरच आहे.

तेव्हा या आठवड्यातलं पहिलं काम हे. तळेगावला जा, त्या गृहस्थांना भेटा आणि नाव लागलंय का ते आरसी बघून खात्री करा. एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकलात तरी मालकाच्या नावाची अर्धीमुर्धी अक्षरं, विमा, पीयूसी आणि गाडीवरचा कर्जाचा बोजा दिसतो. कायद्याप्रमाणे राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत कळवायचं असतं. मुदत टळली असेल तर दंड भरून काम होतं, अडून राहत नाही. नाव बदलायचे फॉर्म 29 आणि 30, बोजा उतरवायचा फॉर्म 35, फायनान्स कंपनीची एनओसी म्हणजे ना-हरकत पत्र, चालू विमा, पीयूसी. यातलं काय त्यांच्याकडे आहे आणि काय हरवलंय ते समोर बसून तपासा. खर्च अर्धा तुम्ही उचला. गाडी तुम्ही विकली आहे, जबाबदारी तुमची आहे.

आता थर्ड ओनरचा मुद्दा. भाव पडतो हे खरं आहे. पाच-दहा हजारांचा फरक पडतो, कधी जास्तही. पण तो फरक वाचवण्यासाठी आपण दुसऱ्याच्या नावावर धोका ठेवतो आणि त्याला आपण नफा म्हणतो, हे मला पटत नाही. गाडी स्वतःच्या नावावर घ्या, चार महिने स्वतः वापरा, मग विका. घेणाऱ्याला सरळ सांगा की ही लिलावातली आहे, मी दुसरा किंवा तिसरा मालक आहे, हे हे काम केलंय आणि ही बिलं. चिंचवड-निगडी भागात नोकरदार माणूस पहिली गाडी घेताना याच गोष्टीला भुलतो, विश्वास ठेवा. बिलांची फाइल हातात दिली की पाच हजारांची घासाघीस आपोआप थांबते.

आणि सतत दोन-तीन गाड्या विकायला लावून ठेवायच्या असतील, तर तो छंद राहत नाही, तो धंदा होतो. त्यासाठी 1 एप्रिल 2023 पासून वेगळी व्यवस्था आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल झाला आणि जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीचा व्यवसाय करणाऱ्याला आरटीओकडून डीलर म्हणून अधिकारपत्र घ्यावं लागतं. मालकाने गाडी डीलरच्या ताब्यात दिली की तशी नोंद पोर्टलवर होते, आणि त्या दिवसापासून गाडीची जबाबदारी डीलरची. मग ती गाडी त्याने घरकामाला फिरवायची नाही. गिऱ्हाइकाला दाखवणं, चाचणी, दुरुस्ती, फिटनेस अशा कामांपुरतीच बाहेर काढायची आणि त्याची नोंद ठेवायची. थर्ड ओनरच्या ज्या अडचणीवर तुम्ही चोरवाट शोधलीत, त्यावरचा सरळ रस्ता हा आहे. पण त्याला जागा लागते, हिशेब लागतो, वेळ लागतो. टूलरूमची पाळी सांभाळून हे होईल का, ते तुम्हीच ठरवा. जीएसटीचं एक वाक्यात सांगतो: नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला 25 जानेवारी 2025 पासून जुन्या गाडीवर 18 टक्के लागतो, पण तो फक्त खरेदी-विक्रीतल्या फरकावर. तुमच्या उलाढालीला अजून तो प्रश्न नाही. आयकराच्या विवरणात मात्र सुटलेले पैसे दाखवा, आणि एका व्यवहारात 2 लाख किंवा त्याहून जास्त रोख कधी घेऊ नका.

सुटलेल्या पैशांवरून आठवलं. 43 हजार सुटले असं तुम्ही लिहिलंय. तुमच्याच पत्रातले आकडे मी वहीत मांडले. टो, बॅटरी, टायर, क्लच, रंग मिळून 30,700. राहिले 12,300. लिलाव चालवणाऱ्याची फी तुम्ही धरलेली नाही. ती तीन हजार धरली तर 9,300. नऊ रविवारांना भागलं तर रविवारी हजाराच्या आसपास. नाव लावून, विमा काढून, नंबरप्लेट बदलून विकली असती तर यातलेही सहा-सात हजार गेले असते. टूलरूममधला माणूस रविवारी ओव्हरटाइम करून याहून जास्त कमावतो. म्हणजे हा व्यवहार वाईट झाला असं नाही. नऊ रविवार आनंदात गेले, मुलगी गाडीखाली पाना द्यायला शिकली, आणि वर घरातून काही गेलं नाही. छंद म्हणून हे फार चांगलं आहे. पण या आकड्यांवर एफडी मोडता येत नाही.

तीन गाड्या एकदम घेतल्या की नफा तिप्पट होतो असं कागदावर दिसतं. प्रत्यक्षात रविवार तेवढेच राहतात. एक गाडी पार्टसाठी अडते, दुसरीचे कागद फायनान्स कंपनीकडून येत नाहीत, तिसरीला गिऱ्हाईक मिळत नाही, आणि तिन्ही सोसायटीच्या पार्किंगमध्ये धूळ खात उभ्या. लिलावाच्या कागदावर "जसे आहे, जिथे आहे" असं लिहिलेलं असतं त्याचा अर्थच हा, की हातोडा पडल्यावर सगळं तुमच्या गळ्यात. मागे फिरलात तर अनामत जप्त. वेळेत उचलली नाहीत तर यार्डाचं भाडं दिवसाला चढतं.

आता तुमच्या कामाचं. लिलाव हा शब्द एकच असला तरी त्यात तीन वेगळे बाजार आहेत, आणि त्यांची गल्लत झाली की माणूस फसतो.

तुम्ही गेलात तो हप्ते थकल्याने ओढून आणलेल्या गाड्यांचा. यात गाडी बहुतेक वेळा चालती असते, धोका असतो तो कागदात. बोली लावण्याआधी एकच प्रश्न विचारा: विकणारा म्हणून फॉर्मवर सही कोण करणार? मूळ मालकाने स्वखुशीने गाडी परत देऊन सह्या केल्या असतील तर ठीक. त्याने आरसी दिलीच नसेल तर फायनान्स कंपनीला फॉर्म 36 भरून नवी आरसी स्वतःच्या नावावर काढून घ्यायची सोय कायद्यात आहे. ती त्यांनी काढली आहे का, की "काढून देऊ" असं तोंडी आश्वासन आहे? तोंडी असेल तर गाडी कितीही चकचकीत असू दे, सोडून द्या. एनओसीवर मुदत छापलेली असते, ती बघा. थकलेली चलनं नंबर टाकून बघा, कधी कधी ती गाडीच्या दहा टक्क्यांइतकी निघतात.

दुसरा बाजार पोलीस आणि सरकारी खात्यांचा. पोलीस ठाण्याच्या आवारात वर्षानुवर्षं सडलेल्या बेवारस गाड्या लोक स्वस्त म्हणून बघायला जातात. त्या बऱ्याचदा भंगार म्हणूनच विकल्या जातात आणि पुन्हा रस्त्यावर आणता येत नाहीत. अटींचा कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. वापरासाठी विकलेली सरकारी लिलावातली गाडी असेल तर नाव लावायचा फॉर्म वेगळा, 32 नंबरचा, आणि ताबा घेतल्यापासून 30 दिवसांत. 15 वर्षांपुढच्या सरकारी गाड्यांची नोंदणी 1 एप्रिल 2023 पासून रद्दच होते, त्यामुळे जुन्या सरकारी जीपची आस धरू नका.

तिसरा बाजार विम्यातल्या मोडक्या गाड्यांचा, आणि इथे मला जरा थांबायचंय, कारण माझी सगळी नोकरी याच्यातच गेली.

दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा रकमेच्या 75 टक्क्यांच्या वर गेला की ती पूर्ण नुकसान धरली जाते. मालकाला पैसे मिळतात आणि सांगाडा लिलावात जातो. दोन-तीन लाखांची गाडी 60 हजारांत दिसते. तुमच्यासारख्या हात चालणाऱ्या माणसाला वाटतं, बंपर, बॉनेट, रेडिएटर, बास. पण 75 टक्के खर्च कोणी उगाच काढलेला नसतो. अपघाताची असेल तर ती सरळ रेषेत धावत नाही, टायर एका बाजूने खाल्ले जातात, आणि पुन्हा कधी धडक झाली तर जोडलेला पिलर, म्हणजे छत तोलणारा खांब, आधी दुमडतो. एका गाडीच्या स्टीअरिंगवर मी बोटाने टकटक केलं तर पोकळ आवाज आला. आत एअरबॅगच नव्हती, फुटलेली काढून वर नुसतं झाकण बसवलेलं. डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवा चावी फिरवल्यावर लागून विझायला हवा. इथे तो लागतच नव्हता, कारण कोणीतरी त्याची जोडणीच तोडली होती. ती गाडी एका तरुण जोडप्याने घेतली होती, मागच्या सीटवर बाळाची झोळी होती. तेव्हापासून मी प्रत्येक गाडीत आधी तो दिवा बघतो. तुम्हीही बघा.

आणि बुडालेली गाडी. 26 जुलै 2005 ची मुंबई, 2019 च्या ऑगस्टमधला सांगली-कोल्हापूरचा पूर, 22 जुलै 2021 ला चिपळूण. पुरानंतर काही महिन्यांनी या गाड्या धुऊन-पुसून दूरच्या गावात विकायला उभ्या राहतात. सीट शॅम्पू केलेल्या, गालिचा नवा, आत अत्तराचा वास. अशा गाडीत बसलात की ड्रायव्हरचा सीटबेल्ट धरा आणि शेवटपर्यंत बाहेर ओढा. रोज आपण निम्माच ओढतो. बाकीचा पट्टा गुंडाळीत आत राहतो आणि तो धुवायचं कोणाच्या लक्षात येत नाही. चिपळूणच्या एका गाडीत मी तो असा ओढला. पहिला हातभर पट्टा काळाभोर स्वच्छ. मग एक आडवी रेघ, चहाच्या बशीत राहते तशी तपकिरी. आणि त्या रेघेपुढे पट्टा कडक, वाळलेल्या चिखलाने ताठ, बोटाने दुमडला की भुगा मांडीवर पडला. विकणारा शेजारीच उभा होता. त्याने मान खाली घातली.

पट्ट्याशिवाय सीट ज्या रुळावर सरकते त्याचे बोल्ट बघा, गंजलेले असतील तर पाणी वरपर्यंत आलं होतं. स्टेपनी उचलून तिच्या खालचा खड्डा बघा. फ्यूजबॉक्सचं झाकण काढा, हिरवट बुरशी दिसली की समजा. पाण्यात कोणी सेल्फ मारला असेल तर इंजिनात पाणी ओढलं जातं. पाणी दाबलं जात नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. असं इंजिन चालू होतं, पण टिकत नाही. आणि पुराच्या गाडीचं सगळ्यात वाईट काय असतं, तर ती एकदम बंद पडत नाही. वायरिंग हळूहळू सडतं. सहा महिन्यांनी, रात्री, घाटात दिवे जातात. तोवर ती तुमच्याकडे नसते, दुसऱ्याच्या घरी असते. म्हणून अशी गाडी कितीही स्वस्त असो, पार्टसाठी घ्यायची असेल तर घ्या, माणसं बसवायला घेऊ नका. विम्यातला सांगाडा अजिबात नको, असंच मी तुम्हाला सांगेन. निदान पहिली पाच-सहा वर्षं तरी.

यार्डात जाताना खिशात टॉर्च आणि लोहचुंबक ठेवा. पत्र्यावर जिथे चुंबक धरत नाही तिथे लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुटी, भरलेली आहे. दाराचं रबर सोडवून आतल्या वेल्डिंगचे ठिपके बघा, कंपनीचे एकसारख्या अंतरावर आणि गोल असतात. टायरवर चार आकडे असतात, 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. मीटर 40 हजार दाखवतंय आणि क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालंय, तर रबरावर विश्वास ठेवा. चेसिस नंबर स्वतः हाताने घासून वाचा, आरसीशी ताडून बघा. आणि हो, दिल्लीहून आलेली दहा वर्षांची चकचकीत डिझेल गाडी कोणी कितीही स्वस्तात देऊ केली तरी आधी तिथली एनओसी आणि इथला कर यांचा हिशेब करा. तिथे दहा वर्षांपुढच्या डिझेलवर बंदीचा आदेश निघाला होता म्हणून ती स्वस्त आहे. इथे आणून नाव, नंबर आणि कर भरेपर्यंत स्वस्ताई उरत नाही.

तुम्ही वॅगन-आर घेतलीत ही निवड उत्तम होती. पेट्रोल, लहान, खूप विकली गेलेली, पुण्याच्या नाना पेठेत कुठलाही पार्ट मिळणारी. तशाच गाड्यांवर राहा. हौस म्हणून कधी मोठी सेदान किंवा परदेशी गाडी स्वस्तात दिसेल. तिचा एक सेन्सर तुमच्या वॅगन-आरच्या निम्म्या किमतीला येईल.

आता घरचं. तुमच्या बायकोच्या नावावर तुम्ही "विरोध" लिहिलंय. मला तिच्या बोलण्यात विरोधापेक्षा काळजी दिसते. ती गाड्यांबद्दल बोलतच नाहीये, ती दारातल्या जागेबद्दल आणि मुलीच्या पैशांबद्दल बोलते आहे. या दोन्ही गोष्टी फक्त तुमच्या नाहीत. मुलगी नववीत आहे, म्हणजे तीन-चार वर्षांत ती रक्कम लागणार. ज्या पैशांची तारीख ठरलेली आहे ते पैसे अशा वस्तूत घालू नयेत जिच्या विक्रीची तारीख ठरत नाही. एफडीला हात लावू नका. या एका मुद्द्यावर मला कसलीही शंका नाही.

त्याऐवजी असं करा. वॅगन-आरचे जे 1 लाख 35 हजार आले, तेवढेच या छंदाचं भांडवल. वेगळ्या बचत खात्यात ठेवा. त्यात बसेल ती एकच गाडी घ्या, ती विकेपर्यंत दुसरी नाही. बोली लावताना आधी खर्च वजा करा: नाव, विमा, प्लेट, टायर, बॅटरी, आणि न दिसणाऱ्या कामासाठी 15 हजार. जे उरेल ती तुमची शेवटची बोली. वहीत लिहून खिशात ठेवा आणि समोरचा एक हजाराने पुढे गेला तर जाऊ द्या. पैसे दोन वर्षांत वाढले तर दोन गाड्यांचा विचार करा, आणि तेव्हा डीलरच्या अधिकारपत्राचाही. सोसायटीत एकच पार्किंग तुमचं आहे, त्यात बसेल तेवढंच. रंगकाम आवारात नाही, गॅरेजमध्ये. हे सगळं बायकोसमोर बसून ठरवा आणि त्या वहीचा हिशेब तिच्याकडे द्या. तुमचे 43 हजार तिने पहिल्याच दिवशी 9,300 वर आणले असते.

गाडी यार्डातून घरी आणताना मात्र टोवरच आणा, दहा किलोमीटर असलं तरी. विमा नसलेली गाडी रस्त्यावर नको. थर्ड पार्टी विमा आधी काढा, मग चाचणी.

राहता राहिला तो गणपती.

तळेगावच्या गाडीचं नाव ऑनलाइन लावायला बसलात, तर एक ओटीपी मूळ मालकाच्या मोबाईलवर जाईल. म्हणजे त्या माणसाला तुम्हाला फोन करावाच लागणार आहे. तो कदाचित नीट बोलणार नाही. त्याची गाडी कशी गेली, रस्त्यात अडवून नेली की दारातून, तुम्हाला माहीत नाही. पहिल्यांदा फोन ठेवेल. दोन दिवसांनी पुन्हा करा. वसुलीवाला नाही, गाडी घेतलेला माणूस आहे हे आधी सांगा. "गाडी तुमच्या नावावरून उतरवायची आहे, पुढे चलन किंवा नोटीस तुमच्याकडे येऊ नये म्हणून फोन केला," हे त्याला सांगा. आणि मग विचारा, डॅशबोर्डवरचा गणपती माझ्याकडे जपून ठेवलाय, कुठे आणून देऊ?